साइटला हात सगळ्यात शेवटी : पहिलं धनुष्य घेतल्यावर बाण एका गटात आणायची पद्धत

पहिलं धनुष्य घेतलेल्याची पहिली सकाळ बहुतेक ठरलेली असते. तीन बाण लक्ष्याच्या मधल्या पिवळ्याच्या डावीकडे जातात, म्हणून तो साइट, म्हणजे धनुष्यावरचं नेम धरायचं साधन, सरकवतो. पुढचे तीन उजवीकडे. परत साइट. मग एक वर, एक खाली, एक थेट मागच्या गवतात. तासाभरात साइटचा स्क्रू ढिला, बोटं सोललेली आणि 'धनुष्यातच काहीतरी फॉल्ट आहे' हे निदान पक्कं.

फॉल्ट क्रमात असतो. साइटचं काम एकच : एका जागी पडणारे बाण उचलून मध्यावर नेणं. बाण एका जागी पडतच नसतील तर ती नेणार काय? म्हणून खालच्या आठ पायऱ्यांत साइट सातव्या पायरीवर येते. हे सगळं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं) धनुष्य आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याला धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट करून वाचावं. कंपाउंडवाल्यांना (चाकांचं धनुष्य असणाऱ्यांना) क्रम हाच लागू आहे, पण कंपाउंडची जुळवणी दुकानात प्रेसवर (धनुष्य दाबून धरणाऱ्या यंत्रावर) करून घ्या, घरी पान्हा घेऊन बसू नका.

## १. व्हिडिओतलं काय घ्यायचं, काय सोडायचं

इंटरनेटवर धनुष्याचे व्हिडिओ शोधले की निम्मे अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचे निघतात. तिकडे तो परवाना काढून, हंगामात करायचा प्रकार आहे. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातला चिंकारा असो, भीमाशंकरकडचं भेकर असो की कोणाच्या शेतात शिरलेलं रानडुक्कर, धनुष्य घेऊन त्यांच्या मागे जायचं नाही. पात्यासारख्या धारेची शिकारी टोकंही विकत घेऊ नका. ती बट (बाण ज्यात मारायचे तो जाड गठ्ठा) फाडतात आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, कोणी लावू देत नाही.

त्या व्हिडिओंमुळे दुसरंही नुकसान होतं. त्यांत खेचायला ६०-७० पाउंड ताकद लागणारी कंपाउंड धनुष्यं असतात. चाकांमुळे पूर्ण खेचल्यावर हातावर त्यातला थोडाच भार राहतो, पण हे बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो ४० पाउंडांचं रिकर्व्ह मागवतो आणि खांदा दुखवून घेतो.

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून जरूर घ्यावी. नवख्या शिकाऱ्याचा बाण हरणाच्या पाठीवरून जातो त्याची कारणं तिथे फार बारकाईने सांगितलेली असतात. अंतर चुकीचं धरलं. सराव सपाटीवर केला आणि बाण मचाणावरून, कमरेत न वाकता नुसता हात खाली करून मारला. 'हरणावर' नेम धरला, हरणाच्या अंगावरच्या एका ठिपक्यावर नाही. आणि सगळ्यात जास्त वेळा : बाण लागला का ते बघायला सोडता सोडता मान वर केली. दोरीचा आवाज ऐकून हरीण उडी घेण्यासाठी आधी खाली दबतं, तो भाग वेगळा. पण मान वर करणं ही सवय फेससमोरही (बटावर लावायच्या कागदी लक्ष्यासमोरही) तशीच्या तशी असते. तिची गाठ चौथ्या पायरीला पडेल.

## २. मापं : डोळा, खेच, पाउंडेज

डोळा. दोन्ही हात समोर लांब करा, तळव्यांमध्ये छोटी खिडकी ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून तीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी पकडा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला टाकी खिडकीतच दिसत राहते, तो तुमचा प्रबळ डोळा. उजवा प्रबळ असेल तर 'आरएच' (राइट हँड) लिहिलेलं धनुष्य घ्या. ते डाव्या हातात धरायचं आणि उजव्याने खेचायचं असतं. ऑनलाइन मागवताना इथे उलटापालट होते आणि पार्सल परत करण्यात पंधरवडा जातो.

खेच, म्हणजे दोरी किती मागे येते ते अंतर. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत इंचांत मापा आणि अडीचने भागा. ६८ इंच आले तर खेच साधारण २७ इंच. २७-२८ इंच खेचेला ६८ इंची धनुष्य चालतं, त्याहून कमी खेचेला ६६ इंची. हा अंदाज आहे. खरी खेच चार-सहा आठवड्यांनी, शरीर सरळ राहायला लागल्यावर मापायची.

पाउंडेज. लिंबवर (मुठीच्या वर-खाली असलेल्या, वाकणाऱ्या भागांवर) छापलेला आकडा २८ इंच खेचेचा असतो. एक इंच कमी खेचलं की साधारण दोन पाउंड कमी होतात. म्हणजे २६ इंच खेच असलेल्याच्या हातात '२०'चे लिंब सुमारे १६ पाउंड देतात. प्रौढांनी १८ ते २२ वर सुरुवात करावी, बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी १२ ते १६ वर. मुलांच्या बाबतीत आपल्याकडचे पालक गणवेशासारखं धनुष्यही 'वाढत्या मापाचं' घेतात. असं करू नका. लिंब बदलता येतात, लागलेली वाईट सवय काढायला वर्ष जातं.

> तपासणी : बाण न लावता धनुष्य हळू खेचा, दहा सेकंद धरा आणि हळूच परत सोडा. खांदा कानाकडे चढला किंवा हात थरथरला तर पाउंडेज जास्त आहे.

> सावध : बाण न लावता खेचलेली दोरी कधीही झटक्यात सोडायची नाही. बाणाने न्यायची सगळी ताकद लिंबमध्येच राहते आणि लिंब चिरतात. घरी आलेले पाहुणे 'बघू तरी' म्हणत हेच करतात. धनुष्य बॅगेत ठेवा.

## ३. धनुष्य आणि बाण जुळवणं

दोरी चढवायला स्ट्रिंगर (त्यासाठीची खास दोरी) वापरा. धनुष्यात पाय घालून, मांडीवर दाबून दोरी चढवली की लिंब पिळतात. चढवल्यावर धनुष्य डोळ्यांसमोर उभं धरून मागून बघा. दोरी वरच्या आणि खालच्या दोन्ही लिंबच्या बरोबर मधून गेलेली दिसायला हवी.

मग ब्रेस हाइट, म्हणजे मुठीच्या सगळ्यात खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर. ६८ इंची धनुष्याला ते साडेएकवीस ते तेवीस सेंटिमीटरांच्या दरम्यान असतं. कंपनीच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. कमी असेल तर दोरीचं एक टोक काढून तिला पीळ द्या, जास्त असेल तर पीळ सोडा. आलेला आकडा मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि रोज पहिल्या बाणाआधी मापा. नवी दोरी ताणली जाते, आकडा गुपचूप उतरतो आणि माणूस आठवडाभर आपल्या दोरी सोडण्याला दोष देत बसतो.

नॉकिंग पॉइंट, म्हणजे दोरीवर बाण लावायची ठरलेली जागा, बो-स्क्वेअरने (काटकोनी मोजपट्टीने) बसवा. बाणाची नॉक (मागच्या टोकाची खाच) काटकोनाच्या रेषेपेक्षा पाच-सहा मिलिमीटर वर आली की सुरुवातीला पुरे.

नॉक दोरीवर किती घट्ट बसते ते असं बघा : धनुष्य आडवं धरा, बाण दोरीला खाली लटकवा. 'टक्' आवाज करून बसलेला बाण स्वतःहून पडायला नको, पण दोरीवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटायला हवा. टिचकीनेही हलत नसेल तर घट्ट आहे आणि प्रत्येक बाण थोडा अडखळून निघेल.

बाण सहा घ्या, सहाही एकाच मापाचे, आणि त्यांवर मार्करने १ ते ६ आकडे घाला. हे आकडे पाचव्या पायरीला सोन्यासारखे उपयोगी पडतात. बाणाची लांबी : पूर्ण खेचल्यावर टोक रेस्टच्या (बाण टेकतो त्या आधाराच्या) किमान पाच सेंटिमीटर पुढे राहिलं पाहिजे. आखूड बाण रेस्टवरून मागे घसरून हाताच्या दिशेला येऊ शकतो. बाणाच्या स्पाइनचा (ताठपणाचा) आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. १८-२० पाउंडांच्या धनुष्याला हजाराच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा आकडा लागतो. स्वस्तात मिळाला म्हणून ४०० स्पाइनचा शिकारी बाण घेतला तर तो तुमच्या धनुष्यासाठी सळईसारखा ताठ, डावीकडेच जाणार.

> तपासणी : कार्बनचा बाण रोज, आणि कुठे आपटला तर लगेच, दोन्ही टोकांना धरून चेहऱ्यापासून लांब वाकवा आणि फिरवत फिरवत परत वाकवा. करकर ऐकू आली किंवा बोटाला फट लागली तर तो बाण मोडून टाका. फेव्हिक्विक लावून वापरायचा नाही. तडकलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

### जागा

सोसायटीची गच्ची नाही, पार्किंग नाही. पुण्यातली तळजाई किंवा वेताळ टेकडी तर मुळीच नाही, तिथे पहाटेपासून माणसं फिरत असतात. हलक्या धनुष्याचा बाणसुद्धा वर उडाला तर शंभर मीटरच्या पुढे जाऊ शकतो. क्लबची किंवा शाळेची रेंज सगळ्यात उत्तम. मुळशी-भोरकडे स्वतःचं शेत असेल तर बटाच्या मागे मातीचा उंच बांध हवा आणि तिथे कोणी गुरं चारायला येत नाही याची रोज खात्री करायला हवी. चिंध्या ठासून भरलेलं पोतं या पाउंडेजला बट म्हणून चालतं. झाड चालत नाही. बाण तुटतो आणि झाडाचंही नुकसान होतं.

रेंजवर शिट्ट्या समजून घ्या : दोन शिट्ट्या म्हणजे लाइनवर या, एक म्हणजे मारा, तीन म्हणजे बाण आणायला चला. पाच किंवा जास्त म्हणजे धोका, खेचलेलं धनुष्यही हळू खाली घ्या. बाण उपसताना मागे कोणी उभं नाही ना, बघा. नॉकने डोळा जाऊ शकतो.

## ४. कोरं बट, चार पावलांवर

ही पायरी सगळे गाळतात आणि मग पुढच्या चार पायऱ्यांत तिची किंमत मोजतात. साइट काढून बॅगेत टाका. फेस लावू नका. बटापासून तीन-चार मीटरांवर उभे राहा. इथे चुकायला काही नाही, त्यामुळे लक्ष स्वतःकडे ठेवता येतं.

बोटं. तर्जनी नॉकच्या वर, मधलं आणि अनामिका खाली. दोरी तिन्ही बोटांच्या पहिल्या पेराच्या सांध्यात. मनगटाची मागची बाजू सपाट, अंगठा आणि करंगळी सैल. तर्जनी आणि मधल्या बोटात नॉकपुरती फट राहू द्या. खेचताना बाण रेस्टवरून सारखा खाली पडत असेल तर तुम्ही नॉक चिमटीत धरताय. नव्वद टक्के नवशिके यावर रेस्टला टेप लावतात. टेप काढा, बोटं सुधारा.

धनुष्याचा हात. भार अंगठ्याखालच्या उंचवट्यावर यायला हवा. बोटांचे सांधे उभ्या रेषेत न राहता पंचेचाळीस अंशांत तिरके हवेत. धनुष्य धरायचं नाही, त्याला नुसतं टेकायचं. पडेल या भीतीने मूठ आवळली जाते, म्हणून फिंगर स्लिंग (धनुष्य पडू न देणारी, बोटांना अडकवायची दोरी) बांधा. कोपर बाहेरच्या बाजूला वळवा. वळवलं नाही तर दोरी हाताच्या आतल्या बाजूला फटका देते, आणि एकदा तो निळा व्रण उमटला की माणूस प्रत्येक बाणाला डोळे मिटतो.

अँकर, म्हणजे खेचलेला हात चेहऱ्याला टेकायची ठरलेली जागा. तर्जनी जबड्याच्या हाडाखाली घट्ट लागलेली, दोरी हनुवटीला आणि नाकाच्या शेंड्याला टेकलेली. चेहरा दोरीकडे न्यायचा नाही, दोरी चेहऱ्याकडे आणायची. हे तीन स्पर्श प्रत्येक बाणाला तसेच जाणवले पाहिजेत.

सूट, म्हणजे दोरी सोडणं. बोटं उघडायची नसतात. पाठीने खेचणं चालू ठेवायचं आणि बोटांतला ताण सोडायचा. दोरी स्वतः निघून जाते आणि हात मानेलगत मागे सरकतो. हात चेहऱ्यापासून बाहेर उडाला तर तुम्ही दोरी उपटली.

नंतर. शिकाऱ्याची ती मान वर करायची खोड इथेच मोडायची. बाण बटात शिरल्याचा आवाज येईपर्यंत डोकं, डोळे, पुढचा हात, काहीही हलवायचं नाही. आवाजानंतर मनात 'एक' म्हणा, मग हात खाली. कोऱ्या बटावर बघण्यासारखं काही नसतं, म्हणूनच ही सवय इथे लागते.

रोज साठ-सत्तर बाण, दोन आठवडे. कंटाळा येईल. दमल्यावर मारलेले बाण वाईट सवय पक्की करतात, तेव्हा खांदा जड झाला की तिथेच थांबा.

> तपासणी : कोणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. दहा बाणांत अँकरची जागा आणि दोरी सुटल्यानंतरचा हात एकसारखा दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

## ५. फेस लावा, पण साइट सोडून द्या

आता दहा मीटर आणि ८० सेंटिमीटरचा फेस. साइट बसवा, मध्यावर आणा आणि स्क्रू आवळून टाका. प्रत्येक बाणाला नेम पिवळ्याच्या मध्यावरच. बाण निळ्यात पडोत की काळ्यात, सहाच्या सहा तिथेच पडले तर तुमचं काम झालं. बाण डावीकडे जातोय म्हणून नेम मुद्दाम उजवीकडे धरणं ही साइट सरकवण्यापेक्षाही वाईट चूक आहे. मग आपण नेम कुठे धरला होता हे आपल्यालाच आठवत नाही. बाण बटालाच लागत नसतील तर सहा मीटरांवर या. जवळ यायला लाजू नका.

सहा बाण मारले की उपसण्याआधी फेसचा फोटो काढा. सुटतानाच 'हा गेला' असं जाणवलेले बाण मोजू नका. तीनेक फेऱ्या झाल्यावर बाणांवरचे आकडे बघा. चार नंबरचा बाण प्रत्येक वेळी एकटाच बाजूला पडत असेल तर दोष तुमचा नाही. त्याचं पीस किंवा नॉक तपासा आणि सापडेपर्यंत तो बाजूला ठेवा.

सलग तीन फेऱ्यांत गट जेवणाच्या ताटात मावेल एवढा झाला की पुढची पायरी.

## ६. गटाचा आकार काय सांगतो

गट गोल आणि मोठा असेल तर सराव कमी आहे, बाकी काही नाही. लांबट असेल तर मात्र कारण शोधता येतं.

उभा लांबट गट बहुधा खेचेत फरक पडल्याचा असतो. एखादा बाण पूर्ण खेचून जातो, एखादा सुटताना दोन सेंटिमीटर पुढे सरकून जातो आणि खाली पडतो. अँकर कधी जबड्याखाली, कधी गालावर असेल तरी हेच होतं. नेम धरून फार वेळ थांबणं हेही एक कारण. सहा-सात सेकंदांत बाण सुटला नाही तर खाली घ्या आणि नव्याने खेचा. खाली घ्यायला कमीपणा वाटतो, विशेषतः शेजारी कोणी उभं असलं की. तरी घ्या.

आडवा गट दोन हातांपैकी एकाचा. मुठीत धनुष्य पिळलं जातंय, किंवा दोरी उपटली जातेय. उपटलेला बाण उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बहुधा डावीकडे जातो. दोरी आर्म गार्डला (हातावर बांधायच्या संरक्षक पट्टीला) घासत असेल तरीही डावीकडे. आर्म गार्डवर ताजा ओरखडा दिसतो का बघा. धनुष्य उभं न राहता कलत असेल तर बाण कलाच्या बाजूला आणि किंचित खाली जातात. बटाच्या बाजूला वजन बांधून दोरी टांगा आणि तिच्याशी धनुष्य ताडून बघा.

> सावध : एका दिवसात एकच गोष्ट बदला. मूठ, अँकर आणि सूट एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

## ७. आता साइट

नियम एवढाच : बाण जिकडे, साइट तिकडे. गट डावीकडे असेल तर पिन (साइटचा नेम धरायचा ठिपका) डावीकडे, वर असेल तर वर. मन उलट सांगतं. मनाचं ऐकू नका.

किती सरकवायची याचा हिशेब सोपा आहे. डोळ्यापासून पिन सुमारे ९० सेंटिमीटर लांब असते. १८ मीटरवर पिन एक मिलिमीटर सरकवली की बाण सुमारे दोन सेंटिमीटर सरकतो. ३० मीटरवर तीन सेंटिमीटरांपेक्षा थोडा जास्त, दहा मीटरवर जेमतेम एक. म्हणजे १८ मीटरवर गटाचा मध्य पिवळ्यापासून दहा सेंटिमीटर डावीकडे असेल तर पिन पाच मिलिमीटर डावीकडे. माप गटाच्या मध्यापासून घ्यायचं, सगळ्यात दूरच्या बाणापासून नाही.

आधी उभं माप जुळवा, मग आडवं. एकदा सरकवल्यावर दोन फेऱ्या, म्हणजे बारा बाण, पूर्ण मारा आणि मगच परत हात लावा. एका बाणावरून साइट हलवली की तुम्ही पहिल्या सकाळवर परत आलात.

> तपासणी : सकाळी जुळवलेली साइट दुसऱ्या दिवशी सकाळीच पडताळा. संध्याकाळी, दमल्यावर गट खाली आला तर तो खांद्याचा दोष समजा.

## ८. अंतर वाढवणं

दहा मीटरवरून अठरा, तिथून तीस. अंतर वाढलं की पिन खाली जाते. प्रत्येक अंतराची खूण साइटच्या दांडीवर चिकटवलेल्या पांढऱ्या टेपवर करा आणि वहीतही उतरवा. पावसात टेप निघते. अंतर टेपनेच मोजा, पावलांनी नाही. रिकर्व्हचं स्पर्धेचं ७० मीटर अंतर अजून लांब आहे आणि २० पाउंडांवर त्याची घाई करण्यात अर्थ नाही.

तीस मीटरपासून वारा जाणवायला लागतो. पुण्यात हिवाळ्यातल्या सकाळी हवा शांत असते, साइटच्या खुणा तेव्हाच घ्या. मे महिन्यातल्या दुपारी किंवा जुलैच्या पश्चिमेच्या वाऱ्यात आलेल्या गटावरून काही ठरवू नका. त्या दिवशी कोऱ्या बटावर परत जा. मे महिन्यात धनुष्य बंद गाडीतही ठेवू नका, उन्हाने लिंबचे थर सुटतात. पावसाळ्यात ओलं बट बाण पकडून ठेवतं. बाण बटालगत धरून सरळ मागे ओढा, वाकडा उपसलात तर ॲल्युमिनियमचा वाकतो आणि कार्बनचा तडकतो.

तीस मीटरवर महिनाभर गट टिकला की दोन ते चार पाउंडांनी जड लिंब घेता येतील. त्या दिवशी ब्रेस हाइट, नॉकिंग पॉइंट, बाणाचा स्पाइन सगळं परत तपासायचं, टेपवरच्या जुन्या खुणा पुसायच्या आणि साइट बॅगेत ठेवून चार पावलांवर उभं राहायचं.